माळ्यावरचं विरजण

"काल माळा झाडला," इर्मानं नवऱ्याला न्याहारीला सांगितलं, तेव्हा ओडिलचा पाव तोंडाशीच थांबला.

"कुठला माळा?"

"आपल्याला दहा आहेत का? एक्केचाळीस वर्षं तुझं ऐकलं. तू बहिणीकडे गेलास, म्हटलं उरकून घ्यावं. कोळिष्टकं ओढली, तुळया साबणानं पुसल्या. तुझ्या बाबांचं पिंपसुद्धा सोड्यानं घासलं. काय वास मारत होतं."

सेन नदीच्या त्या खोऱ्यात आंबट बिअर करणारा माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण माळ्यावरच्या कोळ्याला धक्का लावणार नाही. सातूचा गरम काढा पसरट भांड्यात रात्रभर माळ्यावर उघडा ठेवायचा. तुळयांवरचं, धुळीतलं यीस्ट नि जिवाणू त्यात आपण होऊन उतरतात. हेच विरजण. आणि गेल्याच आठवड्यात ओडिलनं बिअरवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षाशी, अशिलशी, भर सभेत पैज मारली होती. अशिलच्या मते विरजण प्रयोगशाळेच्या पाकिटातलंच निवडावं. "पुढच्या जत्रेत माळ्यावरची बिअर फसली, तर बाबांचं पिंप तुझं," असं ओडिल बोलून बसला होता.

काढा ठेवला. चार दिवस झाले तरी ढिम्म, एक बुडबुडा नाही.

इर्मा वरमली होती. "एक पाकीट आणते शहरातून. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. माझ्या घरात पाकीट यायचं नाही. पिंप गेलं तर गेलं." मग जरा थांबून म्हणाला, "ती धूळ कुठं टाकलीस?"

"व्हॅक्यूमच्या पिशवीत. ती कचऱ्यात, आणि कचरा आज फाटकाशी."

ओडिल सपाता घालूनच धावला. गाडीवाल्यानं पोतं उचललंच होतं. ते त्यानं हिसकावून घेतलं आणि तिथंच रस्त्यावर उपसायला बसला.

"काका, सोनं राहिलं काय त्यात?"

"आमचे वाडवडील आहेत," ओडिल म्हणाला आणि पिशवी काखोटीला मारून घरात गेला.

त्यानं मांजराचे केस वेचले आणि चिमूटभर धूळ बरणीतल्या काढ्यात टाकली. तिसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उडालं. छतावर उडालेला फेस इर्मानं पुसला. मग बरणीतलं विरजण ताज्या काढ्यात गेलं आणि काढा पिंपात.

पुढच्या वर्षीच्या जत्रेत अशिलनं पेल्यांवर नुसते आकडे टाकून चव घेतली. चार नंबरच्या पेल्यापाशी तो थांबला. मुळा आणि पांढरं चीज लावलेला पाव त्यानं बाजूला ठेवला, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाला, "हीच पहिली. कुठल्या पाकिटाची आहे बघू."

त्यानं पेल्याखालची चिठ्ठी उलटली. ओडिलनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'विरजण : व्हॅक्यूमची पिशवी.'

अशिलनं ते दोनदा वाचलं. ओडिल हाताची घडी घालून उभा होता. बाबांचं पिंप आता कुठं जात नव्हतं.

अशिल जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "थोडी धूळ उरली असेल का रे?"

"ती सगळी संपली," मागून इर्मा म्हणाली. "नाव सांगून ठेवा. पुढचा माळा आता चाळीस वर्षांनी झाडायचाय."