विनीताच्या ड्रायसूटची चेन

एसटीच्या कणकवली डेपोच्या टायर विभागात मी चौतीस वर्षं काढली. त्या काळात माझ्या हातचा पॅच कधी सुटला नाही, आणि हे मी नाही, डेपोतले ड्रायव्हर सांगायचे. रबराला रबर कसं धरवायचं हे या किनाऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळत असेल तर त्याने पुढे यावं, असं मी गेल्या मे महिन्यापर्यंत चारचौघांत बोलत होतो. आता बोलत नाही. का, ते सांगतो.

आमची एकुलती एक मुलगी विनीता तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवर असते. पर्यटकांना तोंडात नळी देऊन पाण्याखाली नेते, मासे दाखवते आणि धड वर आणते. सहा वर्षं हे चाललं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती. आपला समुद्र कोमट, खडक ओळखीचे. पण मे महिन्यात तिला हिमाचलातल्या एका धरणावर नोकरी लागली. पाण्याखाली उतरून धरणाचे दरवाजे तपासायचे. त्यांच्या तुकडीत ती पहिलीच मुलगी. आणि पाणी इतकं गार, की आपल्या फ्रिजमधलं त्याच्यापुढे अंघोळीला काढल्यासारखं.

त्या पाण्यात उतरायला ड्रायसूट लागतो. म्हणजे बुटांपासून मानेपर्यंत सगळा एकसंध पोशाख. आत लोकरीचे कपडे, गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबर, आणि पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाडजूड पितळी चेन. आत थेंब येता कामा नये. विनीताने गोव्यातल्या एका पाणबुड्याचा जुना सूट मिळवला होता. माणूस आडदांड असावा, कारण त्यात विनीता दोनदा मावली असती. सूट धडधाकट होता, फक्त चेन गेलेली. नवी चेन परदेशातून कुरियरने आली, सोबत गोंदाची एक ट्यूब आणि चार पानी माहितीपत्रक. मुंबईतला दुरुस्तीवाला म्हणाला, तीन आठवडे लागतील. विनीताची गाडी रविवारची. आणि त्या दिवशी होता बुधवार.

"मी लावतंय," मी म्हटलं.

विनीताने माझ्याकडे पाहिलं, मग सूटकडे. "बाबा, कागद वाचून करा हां. आणि तेंच्या ट्यूबमधलाच लावा."

"तू बोटीर जा. माका शिकवू नको."

ती स्कूटर काढून गेली. मी कागद उघडला. पहिलं पान नीट वाचलं. दुसऱ्यावर नजर टाकली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, चिकटवल्यावर अठ्ठेचाळीस तास हात लावू नये. अठ्ठेचाळीस तास! आम्ही तेवढ्या वेळात अख्ख्या डेपोचे पंक्चर काढायचो. मी कागदाची घडी घातली, त्यावर ती परदेशी ट्यूब ठेवली आणि माळ्यावरून माझा पंक्चरच्या सोल्यूशनचा डबा काढला.

माझी बायको आनंदी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिला डब्याचा वास गेला. "अवो, चेडवाचो जीव आसा तेच्यात. कागदात काय लिवलाहा ता करा."

"कागद लिवणाऱ्यान कधी टायर बघलो नाय," मी म्हटलं.

विनीताच्या कपाटातलं केस वाळवायचं यंत्र फिरवून जुनी चेन गरम केली, सोलून काढली. कडा खरडल्या, सोल्यूशन लावलं. हात सैल ठेवून, भरपूर. नवी चेन बसवली, दाबली. अकरा वाजता ती नवरीच्या कंबरपट्ट्यासारखी झळकत होती.

आता टायरचा माणूस पॅच पाण्यात घालून बघितल्याशिवाय उठत नाही. आणि सूट पाण्यात घालायचा तर आत कोणीतरी हवं. शेजारचा महादू जाळं शिवत बसला होता. त्याची होडी रंगाला काढल्यामुळे त्याला दुसरा उद्योग नव्हता. त्याला हाक मारली.

आत शिरणं हाच एक पराक्रम झाला. गळ्याचं रबर उतरवताना माझे कान आत राहिले की बाहेर, हे बराच वेळ मलाच कळेना. महादूने पाठीमागून चेन ओढली. ती सरसर गेली, शेवटच्या चार बोटांत जरा कुरकुरली आणि बसली.

"लागली?"

"लागली. घट्ट," महादू म्हणाला.

"आता उघड बघू."

उघडेना. माझं सोल्यूशन दात्यांत उतरलं होतं. महादूने माझ्या पाठीला गुडघा लावून ओढलं. आनंदीने खोबरेल तेल ओतलं. मग ती कात्री घेऊन आली, तेव्हा मी अंगणभर पळालो. चेन कापली की विनीताचं जाणं संपलं, एवढं मला कळत होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत मी, पेजेतल्या भातासारखा रटरटत.

"दादा, तुमी खाडयेत जावन बसा," महादू म्हणाला. "थंड तरी वाटात. मगे बघूया."

आमचं घर कर्लीच्या खाडीला लागून, देवबागच्या वाटेवर. मी कमरेभर पाण्यात गेलो, आणि माझ्याबरोबर सूटमध्ये पुष्कळ हवाही कोंडली गेली आहे हे तेव्हा समजलं. ती हवा पायांत गेली. पाय वर आले, डोकं खाली जायला लागलं, मी कसाबसा उताणा झालो आणि तरंगू लागलो. त्यातून ओहोटी लागलेली. मी सावकाश, अगदी पालखीतून निघाल्यासारखा, समुद्राच्या दिशेने निघालो.

महादूची होडी रंगाला होती हे मी सांगितलंच. त्याने किनाऱ्यावरून धावत विनीताला फोन लावला. "सहदेवदादा खाडयेतसून व्हावान चल्ले," असं त्याने सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. पण बापाबद्दल असं ऐकल्यावर पोरीला काय वाटलं असेल, याचा विचार ना त्याने केला, ना मी.

मी मात्र वरती घारी बघत पडलो होतो. आणि अचानक पाठीच्या कण्यावरून एक ओघळ खाली उतरला. मग दुसरा. घाम नव्हता तो, खाडीचं पाणी होतं. माझी चेन गळत होती.

आपलं पाणी कोमट, म्हणून बरं. हेच पाणी बर्फासारखं असतं तर? वर येईपर्यंत विनीताच्या हातापायांत जीव राहिला असता का? हे सगळं मनात आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी एक क्षण दुसरंही काही मनात आलं होतं. ते पुढे सांगतो.

तारकर्लीची बोट फेस उडवत आली. तिच्यात पुण्याचं एक कुटुंब जॅकेट घालून बसलेलं. त्यांना वाटलं, हा पण कार्यक्रमातलाच भाग, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. विनीताने बोट थांबायच्या आधीच उडी मारली. मागून येऊन माझी हनुवटी धरली.

"बाबा, श्वास घेतास मां?"

"घेतंय."

"मगे बोलू नकात."

तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. लहानपणी विंचू चावला तेव्हाही मी तो तसा पाहिला नव्हता.

किनाऱ्यावर तिने मला पालथं घातलं, पाठ तपासली आणि चेनच्या कडेखाली दोन बोटं घातली. केळं सोलावं तशी चेन पट्टीसकट निघून आली. जिथे सरकायचं तिथे चिकटलं होतं, आणि जिथे चिकटायचं तिथे सुटलं होतं. चौतीस वर्षांची नोकरी तिच्या हातात लोंबत होती.

आनंदी धापा टाकत पोचली. मी धड आहे हे बघून तिने आधी डोळे पुसले आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "चेडू जावचा नाय म्हणान मुद्दाम केल्यात काय?"

महादू जाळ्याचं निमित्त काढून निघून गेला.  विनीतालाही उत्तर हवं होतं.

"मुद्दाम नाय गो," मी म्हटलं. "पण पाठीत पाणी घुसला तेव्हा माका जरासा बरा वाटला. वाटला, आता तुझा जाणा ऱ्हवला."

विनीता वाळूत माझ्या शेजारी बसली. बराच वेळ तिने त्या चेनचे दाते नखाने साफ केले. मग म्हणाली, "त्या पाण्याचा भय माका पण वाटता, बाबा. पण तुमच्या हाताचा कधी वाटला नव्हता. आज पयल्यांदा वाटला."

 मी घरी आलो, सोल्यूशनचा डबा माळ्यावर ठेवला आणि कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. चारही पानं. समजलं नाही ते विनीताला विचारलं.

संध्याकाळभर आम्ही दोघांनी थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन दाते साफ केले. गुरुवारी सकाळी ती वाचायची आणि मी करायचो, असं काम सुरू झालं. "पातळ थर," ती वाचायची. मी पातळ थर लावायचो. "आता दहा मिनिटां थांबा." मी थांबायचो. दात्यांवर चिकटपट्टी, कडेला पेनाच्या खुणा, आणि दाबायला आनंदीचं लाटणं. ते तिने परत घेतलं नाही, नवीन आणा म्हणाली.

मग सूट माजघरातल्या पलंगावर पालथा पसरला आणि अठ्ठेचाळीस तास कोणी तिकडे पंखाही जोरात लावला नाही.

शुक्रवारी मासेवाल्या हौसाबाई दारात आल्या. मी खाडीतून वाहून गेलो हे त्यांच्या कानावर गेलं होतं, पण सापडलो हे गेलं नव्हतं. खिडकीतून त्यांनी पाहिलं तर पलंगावर पालथं पडलेलं काळं काहीतरी आणि जवळ आनंदी गुपचूप बसलेली. त्यांनी तिथेच पाटी ठेवून गळा काढला. मी चहाचा कप घेऊन परसातून आलो.

"मावशे, मी हय आसंय."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं. "मगे माझा रडणा फुकट गेला," असं म्हणून त्यांनी पाटीवरचं फडकं काढलं आणि बांगडे दाखवायला सुरुवात केली.

शनिवारी तपासणी. या वेळी आत माणूस घालायची माझी तयारी नव्हती. गळ्यात आनंदीचा पोह्यांचा डबा आणि मनगटांत पाण्याच्या बाटल्या बसवल्या, सायकलच्या पंपाने हवा भरली. सूट हळूहळू पलंगावर उठून बसला. मी चेनवर साबणाचा फेस लावला आणि चष्मा लावून बोट बोट जागा पाहिली. एक बुडबुडा नाही. विनीतानेही पाहिलं. मग तिने माझा साबणाचा हात तसाच आपल्या हातात घेतला आणि थोडा वेळ धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची गाडी कणकवलीहून सुटली.

त्यानंतर आठ दिवस मी फोन खिशात ठेवलाच नाही, हातातच धरला. नवव्या दिवशी दुपारी वाजला.

"बाबा, काल उतरलंय. चाळीस मिनिटां."

"चेन?"

"एक थेंब नाय. हयले लोक इचारतत, कोणी लावली म्हणान."

माझी छाती फुगली. महादूला हाक मारायला मी खिडकीपर्यंत गेलोसुद्धा.

"फक्त उजवो पाय भिजलो," विनीता म्हणाली. "बुटाच्या वर एक बारीक भोक होता. जुनाच."

 शनिवारी मी साबण फक्त माझ्या चेनला लावला होता. बाकीच्या सूटकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मगे? खूप गार लागला?"

"लागला थोडा. रात्री मीच पॅच मारलंय. खरडून, पातळ थर देवन, वाट बघून. आज सकाळी पाण्यात घालून बघलंय, बरो बसलो."

"तू मारलंस?"

"मगे कोण मारतलो? तुमी हय आसात काय?"

फोन ठेवल्यावर आनंदीने विचारलं, "काय म्हणता चेडू?"

"बरा आसा," मी म्हटलं. "चेन झकास आसा म्हणता."

भोकाचं मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही इकडे आलात तर तुम्हीही तो विषय काढू नका. निदान महादूसमोर तरी.