इजिप्तचा खुलासा, शाहूपुरीत

इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांना भर संचलनात गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा शाहूपुरीतल्या विचारजागर मंडळाला स्वस्थ बसणे अशक्य झाले. 'इस्लामी अतिरेकी हिंसाचार : कारणे आणि उपाय' असा परिसंवाद रविवारी सकाळी ठेवण्यात आला. वेळ थोडा असल्यामुळे कारणे कार्यकारिणीच्या बैठकीत आधीच वाटून टाकली होती. धर्म हे कारण गणपतराव वकिलांकडे गेले. दारिद्र्य आणि बड्या राष्ट्रांचे राजकारण प्राध्यापक कृष्णात सरांच्या वाट्याला आले. मारेकरी कोण होते आणि ते काय म्हणत होते, याची चौकशी दोघांनीही केलेली नव्हती, त्यामुळे दोघांचीही मते ठाम होती.

लालासाबला बोलावले होते ते फेटे बांधायला. कोल्हापुरात डोक्याला फेटा बांधल्याशिवाय पाहुण्याच्या तोंडून विचार बाहेर पडत नाहीत, आणि फेटा बांधावा तर लालासाबनेच. पण आज त्याचा सगळा जीव गडहिंग्लजला होता. तिथे मेहुण्याच्या घरी त्याच्या लेकीचे, जुलेखाचे लग्न ठरायचे होते. बायको फातिमा आणि जुलेखा कालच पुढे गेल्या होत्या. मुलाकडची मंडळी आज दुपारी यायची होती. मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने व्याह्याला कोरा फेटा बांधला की सोयरीक पक्की, असा त्यांच्या घराण्याचा रिवाज. त्यासाठी घेतलेला गुलाबी फेटा लालासाबच्या पिशवीत होता. काम झाले की त्याला गाडीसाठी मोकळे करायचे, हे मंडळाचे चिटणीस बाळासो यांनी कबूल केले होते.

फेटे बांधून झाले. लालासाबने पिशवी उचलली, तोच बाळासोंना शंका आली.

"अवो, स्टेजवर मुसलमान कुठं हाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग सगळ्यांनी लालासाबकडे पाहिले.

"लालासाब, बसा की वर."

"मी? मी फेटं बांधाय आलोय न्हवं?"

"पर मुसलमान हायसा न्हवं?"

"हाय की. पर इजिप्तला कवा गेलतो न्हाय. मला गडहिंग्लजला जायाचं हाय."

"पाच मिन्टांचं काम. निषेध करायचा आन सुटायचं."

व्यासपीठावर बोडक्या डोक्याने बसायचे नाही, हा मंडळाचा नियम. आणलेले फेटे तर संपले होते. बाळासोंनी पिशवीतून डोकावणारे गुलाबी टोक ओढले.

"ह्यो कुणाचा?"

"व्याह्यांचा."

"मग घरचाच की!"

लालासाबने आयुष्यात पहिल्यांदाच व्यासपीठावर बसून स्वतःचे डोके बांधले, आणि बाळासोंनी लगेच त्याच्या गळ्यात सत्काराचा झेंडूचा हार घातला.

सगळी कारणे यथासांग मांडून झाल्यावर गणपतराव त्याच्याकडे वळले. "आपण या हत्येचा निषेध करता?"

"करतो की. रेडिओवर ऐकलं, लई वाईट वाटलं. माणूस मारनं वाईटच."

त्याला खरोखरच वाईट वाटले होते. पण वकिलांनी मान हलवली. "फार पटकन बोललात. पाठ करून आल्यासारखं."

लालासाबने जरा थांबून, विचार करून पुन्हा निषेध केला.

"एवढा विचार करावा लागतो?" वकील म्हणाले.

तेव्हा लालासाबने मोठ्याने निषेध केला. "आवाज चढला आहे," वकील म्हणाले. "सभागृहाने नोंद घ्यावी."

आता कृष्णात सर त्याच्या मदतीला धावले. "वकीलसाहेब, हा माणूस शोषित आहे आणि बिचाऱ्याला ते ठाऊकच नाही. लालासाब, खरं सांगा, मनात राग साठलाय ना?"

लालासाबची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. "व्हय सर, आता येतोय. लई येतोय. गाडी सुटाय आली."

"बघा! दबलेला असंतोष!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले.

"बघा! राग!" वकीलही ओरडले.

सकाळपासून प्रथमच दोघांचे एकमत झाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

लालासाब उठला. बाळासोंनी त्याचा सदरा धरला. "आता उठलासा तर सभात्याग हुईल. पेपरात येईल. समाजाचं नाव जाईल."

समाज म्हटल्यावर लालासाबच्या डोळ्यांपुढे फातिमा आली, जुलेखा आली, आणि त्या दोघीही गडहिंग्लजलाच होत्या. पण पेपरात नाव आल्यावर गल्लीत काय काय होते, हे त्याला माहीत होते. त्याला भीती वाटली आणि तो बसला. मग श्रोत्यांचे प्रश्न सुरू झाले. फाळणी झाली, पानिपत झाले, पाकिस्तानची हॉकी झाली. प्रत्येकाचा खुलासा लालासाबने दिला, आणि कोणताच पुरेसा ठरला नाही. मधल्या वेळात गाडी निघून गेली.

पुढच्या एस.टी.त उभ्याउभ्याच त्याने फेटा सोडला आणि हाताने दाबून दाबून त्याची घडी घातली. दिवेलागणीला तो पोचला, तेव्हा मुलाचे वडील गैबीसाब पायात चपला घालत होते.

"या पावणं. कुठं अडकलासा?"

"इजिप्तात खून झाला न्हवं, त्येचा खुलासा द्याय गेलतो."

"तुम्ही केलासा?"

"न्हाय."

"मग तुमास्नी का इचारलं?"

हा प्रश्न परिसंवादात कुणी काढलेला नव्हता. लालासाबने घाईघाईने पिशवीतून फेटा काढला. गैबीसाबांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. चुण्या होत्या, कडेला घाम होता, आणि सत्काराच्या हारातली झेंडूची एक पाकळीही होती.

"सत्कार तुमचा," गैबीसाब शांतपणे म्हणाले, "आन उतरलेला फेटा मला?"

त्यांनी फेटा जपून खाटेवर ठेवला आणि ते निघून गेले. आतल्या खोलीत जुलेखाने बांगड्या उतरवायला घेतल्या. फातिमाने खाटेवरचा फेटा उचलून नवऱ्याच्या पिशवीत परत ठेवला.

मंगळवारी स्थानिक पेपरात बातमी आली. परिसंवाद यशस्वी झाला होता. मुस्लिम प्रतिनिधीने निषेध केला, मात्र त्यांचे लक्ष दुसरीकडे असल्याचे जाणवत होते, असे बातमीदाराने नमूद केले होते.

ही हकिकत पुढे आम्ही पुष्कळांना सांगितली. सगळी भली, समंजस, चार पुस्तके वाचणारी माणसे. वकिलांना हसली, सरांनाही हसली. जुलेखाचे ऐकून तर सगळ्यांनाच मनापासून हळहळ वाटली. आणि मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून, प्रत्येकाने आम्हाला विचारले, "ते सगळं खरं हो. पण निषेध त्यानं मनापासून केला होता ना?"