खडूच्या घराचं दार

एका गुरुवारी सायकलचं पंक्चर काढायला थांबायचं मी ठरवलं, आणि त्यापायी पुढचे दोन महिने मला खडूने काढलेल्या दारातून ये-जा करावी लागली. हे वाचून तुम्हाला माझ्या डोक्याविषयी शंका आली असेल तर हरकत नाही. आमच्या चाळीतही ती पुष्कळांना आली होती.

मी जयसिंग ओव्हाळ, पिंपरीतल्या एका कंपनीत इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर म्हटल्यावर लोक पोलीस समजून सावरून बसतात (मीही लगेच खुलासा करत नाही). माझं काम एवढंच, की मशीनवरून आलेली पिन गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची. बसली तर ओकेचा शिक्का, नाही बसली तर रिजेक्ट. रोज सातशे पिना. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस कशावरच विश्वास ठेवेनासा होतो. हॉटेलात चहा आला तरी मी आधी कप चहूबाजूंनी फिरवून बघतो.

चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. मी, बायको प्रभावती आणि दोन मुली. खिडकी एकच, तीसुद्धा पुढच्या व्हरांड्यात उघडणारी. स्टोव्ह मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर. अकरा वर्षं प्रभाने तिथे उकिडवं बसून स्वयंपाक केला. तिचे गुडघे उठताना वाजायचे आणि रॉकेलच्या वासाने डोळे कायम लाल असायचे. तिचं मागणं फार नव्हतं.

"मला उभं राहून स्वयंपाक करायचाय," ती म्हणायची. "एक ओटा, आणि ओट्यासमोर खिडकी. बाकी घर तुम्हाला आवडेल तसं असू दे."

त्या वर्षी निगडीला प्राधिकरणाच्या घरांची सोडत निघाली. आम्ही फॉर्म भरला, मी सह्या केल्या, कंपनीचा दाखला जोडला आणि सगळं एका पाकिटात घालून डिंकाने चिकटवलं. कचेरीत नेऊन द्यायचं तेवढं राहिलं. घरं मोजकी, अर्ज ढीगभर.

मी म्हटलं, "आता नशीब."

"नशिबावर कशाला सोडायचं?" प्रभा म्हणाली आणि बबनकाकांच्या वर्गाला जायला लागली.

बबनकाका आमच्याच कंपनीतून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर. वीस वर्षं ते वर्कशॉपच्या छताखाली, क्रेनच्या केबिनमध्ये एकटे बसले होते. तिथे त्यांना काहीतरी गवसलं, असं ते सांगत. "वरनं समदी मानसं मुंगीयेवढी दिसायची. मंग मन आपसूक गप बसायचं. आवाज येतोय, पन आपन तिथं न्हाई, असं व्हायचं." रिटायर झाल्यावर त्यांनी सांगवीच्या आपल्या रिकाम्या गोठ्यात हे शिकवायला सुरुवात केली. डोळे मिटायचे, शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे आणि प्रत्येक आकड्याला मनातली एक पायरी उतरायची. तळाला पोचलं की अंग हलकं होतं. मग आपल्याला हवं असेल ते तिथे उभं करायचं, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत, काहीही न गाळता. तिथे नीट उभं राहिलं की ते इथेही होतं.

मला हे पटणं शक्यच नव्हतं. "धम्म घेतल्यापासून आपल्या घरात नवस बंद, गंडेदोरे बंद," मी प्रभाला सुनावलं, "आणि आता हे काय नवीन?"

"हा नवस नाही," ती पोळी उलटत म्हणाली. "नवसात काम दुसऱ्याला सांगतात. ह्यात आपलं आपल्यालाच सांगायचं असतं."

(ह्याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की कळवीन.)

वर्ग एकदा तपासावा म्हणून मीही सांगवीला गेलो. शंभरापासून निघालो, त्र्याहत्तरपर्यंत आल्याचं आठवतं. मग कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं, आणि बबनकाकांचा आवाज, "पावन्यास्नी उठवू नगा. लई खोल गेल्यात." मी घोरत होतो.

पुढच्या आठवड्यात प्रभाने खोलीच्या फरशीवर खडूने निगडीचं घर आखलं. हे दार, ही बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर, हा ओटा. मुली दोन दिवसांत त्या घरात रुळल्या. मी कामावरून आलो की सरळ चालत जाऊन खाटेवर बसायचो.

"अहो, भिंतीतून कुठे येताय?"

"कुठली भिंत?"

"मोरीची. मागे फिरा आणि दारातून या."

शेजारच्या छबूबाई साखर मागायला आल्या, तर त्यांनासुद्धा तिने दारातून यायला लावलं. छबूबाई बिचाऱ्या चप्पल काढून आल्या आणि घर हवेशीर आहे म्हणाल्या. मी मात्र तत्त्वाचा माणूस. मी भिंतींतून जात राहिलो.

आता तो गुरुवार. विजेच्या टंचाईमुळे आमच्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. इतरांना रविवारी सुट्टी आणि रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे त्यांना कामं न करायला निमित्त असतं. आम्हाला तेही नाही. मी पाकीट पिशवीत घातलं आणि फॉर्म द्यायला सायकलने निघालो. वाटेत पंक्चर झाली. कादरभाईच्या दुकानात थांबलो.

पंक्चरला दहा मिनिटं लागली. पण मी बोलता बोलता बबनकाकांच्या वर्गाचा विषय काढला, आणि दुकानात बसलेला एक जण म्हणाला की त्याच्या मेव्हण्याला ह्याने गुण आला. झालं! मी सायकलचा स्टँड परत लावला. डोळे मिटून जगात काहीही मिळत नाही, मिळतं ते हातपाय हलवून, हे मी त्याला पटवायला लागलो. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता तो माणूस कंटाळून निघून गेला आणि मी जिंकलो.

"जयसिंगभाऊ," कादरभाई म्हणाला, "सायकल कवाची तयार हाय. तुमी कुठं तरी चालला होता ना?"

कचेरी तोवर बंद होत आली होती. हातपाय हलवण्याची महती सांगण्यात माझे हातपाय तिथेच राहिले.

घरी आल्यावर प्रभाने विचारलं, "दिलात फॉर्म?"

उद्या देतोच आहे तर उगाच काळजी कशाला, म्हणून मी म्हटलं, "दिला."

उद्या फर्स्ट शिफ्ट होती. परवा ओव्हरटाइम. पिशवी खिळ्यावर आणि मी दुसऱ्याच पिशवीतून डबा नेत होतो. पुढच्या गुरुवारी वर्तमानपत्रात वाचलं की अर्जांची मुदत मंगळवारी संपली. मी पिशवीत हात घातला. पाकीट तसंच होतं, बंद.

 तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून प्रभा गुडघ्यावर हात टेकून उठली. गुडघा वाजला. तिने खडूच्या ओट्यावर, म्हणजे हवेतच, हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली. अकरा वर्षांत मला ती कधी एवढी सुंदर दिसली नव्हती, आणि मी कधी एवढा नालायक. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं, पाकीट खिशात घातलं आणि बाहेर जाताना खडूच्या दारातून गेलो.

त्या दिवसापासून मी सुधारलो. न सांगता भाजी आणायला लागलो. मेथी, पालक, दोडका, घेवडा, जे दिसेल ते. प्रभा पिशवी उलटी करून बघायची आणि विचारायची, "एवढंच?" मला वाटायचं, संसारात अपेक्षा वाढतच जातात. दुसऱ्या दिवशी मी आणखी दोन भाज्या आणायचो.

आणि मी ध्यानाला बसायला लागलो. दुसरा इलाजच नव्हता. फॉर्म न देता घर लागायचं तर ते ह्याच मार्गाने लागणार होतं. रोज संध्याकाळी मी खडूच्या बाहेरच्या खोलीत बसून पायऱ्या उतरायचो. जेवणाच्या सुट्टीत कंपनीतही उतरायचो. एकदा भोंगा झाला तरी वर यायला उशीर झाला, आणि त्या तंद्रीत समोर येईल त्यावर मी शिक्का मारत गेलो. तिसरा शिक्का सुपरवायझरच्या मनगटावर बसला. साहेब बराच वेळ ते 'ओके' बघत उभे राहिले. त्यांना इतक्या वर्षांत तसं कुणी म्हटलं नसावं, कारण ते न रागावता निघून गेले.

सोडतीच्या आदल्या आठवड्यात मात्र खरंच काहीतरी झालं. एकवीस आकड्याला माझे हात नाहीसे झाले. म्हणजे होते, पण माझे नव्हते. स्टोव्हचा आवाज लांब, दुसऱ्या गावात गेल्यासारखा झाला. आणि मी निगडीच्या घरात उभा होतो. खडूच्या नाही, विटांच्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, ओट्यावर ऊन पडलं होतं. ओट्यावर माझं पाकीट होतं, फोडलेलं, आणि त्याच्या शेजारी कोथिंबिरीची ओली जुडी. मी डोळे उघडले तेव्हा गालावर पाणी होतं. असं काही असू शकतं हे मला त्या क्षणी पटलं. लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. पाकीट, ठीक आहे, मनात खुपत होतं. पण कोथिंबीर? कोथिंबिरीचा घराशी काय संबंध? हे माझ्या कुठल्याच गेजमध्ये बसेना. भूक लागली असणार, असं ठरवून मी ते रिजेक्ट केलं.

सोडतीच्या दिवशी आम्ही दोघं बसने निगडीला निघालो. खिशात पाकीट होतं. नाव निघणार नव्हतं, तेव्हा त्याआधीच सांगून टाकायचं मी ठरवलं होतं.

"प्रभा, मला एक सांगायचंय."

"आत्ता नको," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मी ओट्यापाशी उभी आहे."

मांडवात गर्दी होती. स्टेजवरचा गोल डबा फिरवला जायचा, चिठ्ठी निघायची, नाव वाचलं जायचं. मी खाली मान घालून प्रभाला कसं सांगायचं ते जुळवत होतो. एवढ्यात लाउडस्पीकरवरून आवाज आला, "जयसिंग भिवा ओव्हाळ, पिंपरी."

 प्रभाने माझा हात घट्ट धरला. आणि मी काय केलं असेल? अठरा वर्षं चुकीची पिन पुढे न जाऊ दिलेला माणूस मी. मी हात सोडवून उभा राहिलो आणि ओरडलो, "साहेब, चूक आहे! मी फॉर्म दिलेलाच नाही!"

अख्खा मांडव वळला. स्टेजवरच्या साहेबांनी चष्मा लावून फाइल उघडली. "जयसिंग ओव्हाळ तुम्हीच?"

"हो."

"ही सही तुमची?"

"दिसते तर माझीच. पण फॉर्म दिलेला नाही!" मी खिशातून पाकीट काढून उंच धरलं. "हा बघा!"

घर आमच्या हातात आलं होतं आणि मी ते सर्वांसमक्ष परत करत होतो. प्रभाने माझा सदरा मागून असा ओढला की मी खुर्चीत बसलोच.

"फॉर्म मी दिलाय, साहेब," ती उभी राहून शांतपणे म्हणाली. "ही पावती. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ह्यांची शिफ्ट आहे रात्रीची." (नव्हती.)

साहेबांनी पावती बघितली, माझ्याकडे दयेने बघितलं आणि पुढची चिठ्ठी काढायला सांगितली.

बाहेर आल्यावर मला फक्त "कसं?" एवढंच विचारता आलं.

"बबनकाका म्हणतात, पहिल्या पायरीपासून बघायचं," प्रभा म्हणाली. "पहिली पायरी म्हणजे तुम्ही कचेरीच्या खिडकीशी फॉर्म देताय. मी रोज बघायचे. खिडकी दिसायची, कारकून दिसायचा, तुम्ही काही यायचाच नाहीत. पुढचं सगळं घर दिसायचं हो, ओटासुद्धा. चौथ्या दिवशी मी डोळे उघडले आणि तुमची पिशवी बघितली. सोमवारी बसने जाऊन देऊन आले."

 मी ज्याला थोतांड म्हणत होतो, त्याने तिला माझ्या पिशवीपर्यंत नेलं होतं. जगात एवढं नीट बघणारी बाई माझ्या खोलीत अकरा वर्षं उकिडवी बसली होती, आणि इन्स्पेक्टर म्हणे मी!

"मग पाकिटात काय आहे?"

"उघडा की. तुमच्यासाठीच ठेवलंय. तुम्ही वाचून निवांत व्हाल, असं वाटलं होतं."

पाकीट कणकेच्या खळीने परत चिकटवलेलं होतं. रोज सातशे पिना तपासणाऱ्या माणसाच्या ते दोन महिने लक्षात आलं नाही. आत तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'फॉर्म दिला आहे. हे वाचलंत की येताना कोथिंबीर आणा.'

"कोथिंबीर काही येईना," प्रभा म्हणाली. "तेव्हा रोज कळायचं, पाकीट उघडलेलं नाही."

"अगं, मग सांगायचंस ना! मी तिकडे झुरत होतो!"

"सांगणार होते. पण तुम्ही भाजी आणायला लागलात, दारातून यायला लागलात, संध्याकाळी शांत बसायला लागलात. म्हटलं, तुमची साधना कशाला मोडा?"

आता आम्ही निगडीला राहतो. ओटा तिने बघितला होता तिथेच आहे, समोर खिडकी आहे, आणि प्रभा उभी राहून स्वयंपाक करते. ते बघत मी दारात उगाच रेंगाळतो. ध्यानाविषयी माझ्या मनात आता तिळभर शंका नाही. मला दिसलेलं सगळं तंतोतंत खरं ठरलं, हे मी बबनकाकांना मुद्दाम सांगवीला जाऊन सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देतील.

"व्हय," काका म्हणाले, "दिसलं खरं. पन मानसाला पाकीट फोडाया ध्यान कशाला लागतं, जयसिंगराव?"

परवा प्रभा ओट्यापाशी डोळे मिटून उभी होती. नवीन काय बघते आहे कोण जाणे. मी काहीही विचारलं नाही. पिशवी घेतली आणि कोथिंबीर घेऊन आलो. तिने पिशवी उलटी करून बघितली आणि म्हणाली, "मिरच्या?"