देसांकाबाईंचा दगडावरचा फोटो

"आई, काचेला हात लावू नका!" वेलिमिर ओरडला, पण उशीर झाला होता. सासूबाई देसांकाबाईंचं बोट कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकलं होतं, आणि त्या बोटाला जावयासाठी तळून आणलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, उश्तिप्सींचं तेल होतं.

"तिथं डाग होता. तोच दाखवत होते."

"नव्हता. आता आहे."

आरिल्ये गावच्या बाजारपेठेत वेलिमिरचा फोटो स्टुडिओ तीस वर्षं चालू होता. भिंग कसं पुसावं यावर कुणी न विचारताही तो गिऱ्हाइकांना व्याख्यान देई. पण आजचं गिऱ्हाईक घरचं होतं आणि काम नाजूक होतं. सासरे मिलादिन एकतीस वर्षांपूर्वी गेले, तेव्हाच गावच्या रीतीप्रमाणे थडग्यावर नवराबायकोचा मिळून एकच दगड बसवला होता. एका बाजूला चव्वेचाळीस वर्षांचे, मिशीला पीळ दिलेले मिलादिन फोटोत. दुसऱ्या बाजूला देसांकाबाईंचं नाव, जन्मसाल, पुढे मृत्यूच्या सालासाठी एक रेघ आणि फोटोसाठी सोडलेली लंबगोल रिकामी जागा. बाई दरवर्षी म्हणायच्या, पुढच्या वर्षी काढू. मिलादिन मात्र चव्वेचाळीसचेच राहिले आणि बाई शहात्तरच्या झाल्या.

"लोक म्हणतील, आईशेजारी पोरगा पुरलाय," त्या कुरकुरायच्या.

आज कसाबसा धीर करून, केस सेट करून त्या आल्या होत्या. दगडवाला तिहोमिर बाराला येऊन फोटो घेऊन जाणार होता, चिनी मातीच्या तबकडीवर भाजून आणायला. आजची संधी हुकली की बाई पुन्हा काही तयार व्हायच्या नाहीत, हे वेलिमिरला पक्कं ठाऊक होतं.

"आधी फुंकणी," तो म्हणाला. "धूळ उडवल्याशिवाय पुसलं की चरे पडतात." रबरी फुंकणी मात्र जागेवर नव्हती. त्याने बायकोला फोन लावला.

"ती होय? शिलाई मशीन साफ करायला आणली," स्लावित्सा म्हणाली. "आणि ते तुझं कळकट फडकंही धुऊन ठेवलंय हं. चांगलं वासाचं औषध घालून!"

वेलिमिरने खणातलं फडकं काढून हुंगलं. कपडे मऊ करायच्या औषधात धुतलेल्या फडक्याने आयुष्यात भिंग पुसलं जात नाही. तरी एकदा हलकेच फिरवून पाहिलं, तर बोटाएवढा डाग पसरून भिंगभर झाला.

"मी समोरच्या चष्मेवाल्याकडून सामान आणतो. तोवर कशालाही हात लावायचा नाही. शपथ घ्या."

"मी काय लहान आहे का?"

चष्मेवाला ल्युबिंको देवमाणूस होता, पण त्याच्याकडची कॉफी प्यायल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. "बस रे, दोन मिनिटं," म्हणत त्याने पितळी भांडं चुलीवर ठेवलं. कॉफी नाकारणं म्हणजे जन्माचं वैर. वेलिमिरने जीभ पोळून ती घशाखाली ओतली आणि सामान घेऊन पळत परत आला.

देसांकाबाई हाताची घडी घालून खुर्चीत बसल्या होत्या. भिंग लखलखत होतं.

"पुसलंत?"

"नुसती नजर टाकली," बाई छताकडे बघत म्हणाल्या.

बाहेर तिहोमिरने हॉर्न वाजवला. वेलिमिरने चौकशी पुढे ढकलून फोटो काढला आणि छापून बाहेर काढला. फोटोतली बाई जेमतेम चाळिशीची होती. सुरकुत्या गायब, गालांवर सकाळचं धुकं.

"आयला, ही कोण? स्लावित्सा का?" तिहोमिर आत येत म्हणाला. "काकू, तुम्ही? एक नंबर! मिलादिनकाकांशेजारी काय शोभेल जोडा!"

वेलिमिरने भिंगाचा वास घेतला. आलुबुखाराची घरगुती दारू, राकिया! वर मधाचाही चिकटा.

"आई!"

"अहो, खिडक्या, गुडघे, ताप, मी सगळ्याला तीच लावते, बाटली पिशवीतच असते. खोकला म्हणून जरासा मध होता त्यात. आणि पुसायला ही माझी शाल. शुद्ध लोकर आहे!"

वेलिमिरने फोटोकडे पुन्हा पाहिलं. फोटो चांगला होता, पण खोटा होता, आणि असला फोटो त्याच्या हातून दगडावर चढणार होता. "तिहोमिर, दहा मिनिटं दे. उश्तिप्सी खा."

चष्मेवाल्याच्या फुंकणीने त्याने धूळ उडवली. मऊ कुंचला फिरवला. भिंग पुसायच्या औषधाचा थेंब काचेवर नाही, नव्या फडक्यावर घेतला आणि मधून कडेकडे, हलक्या हाताने गोल गोल पुसत गेला. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. बाई पुढे वाकून बघत होत्या.

दुसऱ्या फोटोत एकूण एक सुरकुती आली. बाईंनी दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिले.

"हा घेऊन जा," त्यांनी सुरकुत्यांचा फोटो तिहोमिरच्या हातात ठेवला.

"काकू, अहो, तो धुक्यातला..."

"ती तर हे गेले तेव्हाची मी. तिला ओळखतातच ते. पुढची एकतीस वर्षं मी एकटीने काढली, तीन पोरी उजवल्या, रास्पबेरीचा मळा राखला. ते कुठाय तिच्या तोंडावर? बघू देत त्यांना. विचारू देत, हे कसं गं झालं. सांगायला मला तिथं वेळच वेळ असणार आहे."

वेलिमिरला एकदम भरून आलं. सासूबाईंवर इतका जीव आहे हे त्यालाही नव्याने कळलं. तिहोमिर गाडी घेऊन गेल्यावर तो डोळे पुसत उठला आणि धुक्यातला फोटो फाडायला त्याने हात पुढे केला.

"खबरदार!" बाईंनी तो छातीशी धरला. "पेन्शनर मंडळाच्या ओळखपत्राला लागतो. शनिवारी सहल आहे, रात्री नाच आहे."

"आई, पण हा दाखवणं म्हणजे लोकांना फसवणंच झालं की!"

"जावईबापू, मिलादिन काही कुठं जात नाहीत," देसांकाबाई केस सारखे करत म्हणाल्या. "नाचाला येणाऱ्या म्हाताऱ्यांना अजून पळता येतं."

वेलिमिरने निमूटपणे कात्री घेतली आणि फोटो ओळखपत्राच्या मापाचा कापून दिला.