माझ्या कादंबऱ्या वाचायला कुठून सुरुवात करावी?

माझी कुठलीही कादंबरी घ्या, कुठलंही पान उघडा, तुम्ही जागचे हलणार नाही! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. विज्ञानकादंबऱ्या लिहिण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. साठाच्या वर लिहिल्या. नेमक्या किती ते विचारू नका, मधल्या काही मलाच आठवत नाहीत. मंगळावर माणसं मी नेली, तिथून परतही मीच आणली, आणि एका कादंबरीत तर घाईघाईत न नेताच परत आणली. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, वाचक किती रंगून गेलेत!

आमचे जुने प्रकाशक वारले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसला. मी त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं. त्याने मला बोलावून घेतलं आणि समोर चहा ठेवला.

"काका," तो म्हणाला, "लोकांना तुमचं वाचायचं असतं हो. पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. एवढा ढीग बघून माणूस घाबरतो आणि शिवणकामाचं पुस्तक घेऊन घरी जातो."

"कुठूनही करा म्हणावं! काय फरक पडतो?"

"तेच तर! फरक पडत नाही, हीच अडचण आहे. तुम्ही एक कादंबरी निवडा. ती मी नव्याने, झकास छापतो. ती चालली तर बाकीच्या पण काढू."

"आणि नाही चालली तर?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर गोदाम होतं. गोदामाच्या दारात टेम्पो उभा होता आणि दोन हमाल सुतळीने बांधलेले गठ्ठे आत भिरकावत होते. "जागा रिकामी करायचीय, काका. सध्या जुन्या वह्याच पाठवतोय. पण पेपर मिलवाल्याशी तुमच्याबद्दलही बोलून ठेवलंय."

म्हणजे बघा! एक निवड चुकली की माझं आख्खं आयुष्य लगद्यात. त्याचं पुढे काय होणार? पुठ्ठ्याची खोकी! आणि त्या खोक्यांत दुसऱ्या लेखकांची पुस्तकं! पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "एका आठवड्यात सांगतो," म्हणालो आणि ऐटीत जिना उतरलो.

घरी माझ्या कादंबऱ्यांचं वेगळं कपाट आहे. सगळ्या एकसारख्या, किरमिजी कापडात बांधून घेतलेल्या. बाइंडर म्हणाला होता, नावं लांबलचक आहेत, पाठीवर मावायची नाहीत. मग प्रत्येकीवर नुसतं माझंच नाव, सोनेरी अक्षरांत. दिसायला बहारदार! फक्त कुठली कुठली ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही. मी कपाटासमोर उभा राहिलो आणि मला काही सुचेना. म्हणून हिला हाक मारली.

"नवख्या माणसाच्या हातात माझी कुठली कादंबरी द्यावी गं?"

ही इस्त्री करत होती. मानही वर न करता म्हणाली, "ती हवेवाल्या बाईची."

"कुठली?"

"अहो ती! त्या चंद्रावर घरोघरी हवेचं मीटर असतं. आणि मीटर बघायला येणारी ती बाई, शेजारच्या आजारी मुलीसाठी स्वतःच्या वाट्याची हवा गुपचूप सोडत जाते. शेवटी दोघी खिडकीशी बसलेल्या असतात, आणि काचेवर एकीच्याच श्वासाची वाफ धरते." हिने इस्त्री उभी केली. "दोनदा वाचली मी. दोन्ही वेळा रडले."

मंडळी, इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझं लिखाण वाचून साधं "बरं आहे" म्हटलं नव्हतं! आणि आता रडले म्हणतेय! मला त्या बाईचं काडीइतकं आठवत नव्हतं, पण अशा वेळी काय नवऱ्याने "कधी लिहिली मी?" असं विचारायचं?

"हो, ती होय!" मी म्हणालो. "ती लिहिताना मलाही फार त्रास झाला होता."

खात्री करावी म्हणून भाचीला फोन केला. "मामा, हवेवाल्या बाईचीच!" ती किंचाळली. "बाकीच्या पण चांगल्याच असतील."

"असतील म्हणजे?"

"म्हणजे आहेत! आहेत!"

वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर जिन्यात भेटले. तेही तेच! "तुमचं तेवढं एकच वाचलं मी. वहिनींनी दिलं होतं. पण काय लिहिलंय हो!" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी हरभऱ्याच्या झाडावर असा चढलो की खाली बघायचं भानच राहिलं नाही.

हिला ती प्रत काढून द्यायला सांगितलं तर प्रत गायब! हिने कुणाला दिली ते हिलाच आठवेना. मला तर उलट आनंदच झाला. गोदामात पडून राहणाऱ्या लेखकाचं पुस्तक लोक परत करत नाहीत, याहून मोठं सुख कोणतं?

मी प्रकाशकाला निवड कळवून टाकली.

"नाव काय हो कादंबरीचं?"

"नवीन आवृत्तीला नवीन नाव देऊ," मी म्हणालो. स्वतःच्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

"आणि मजकूर?"

"देतो की! तू जाहिरातीचं बघ."

त्याने बघितलं. मला रेडिओवर मुलाखतीला पाठवलं. तिथे मी हिने सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली. खिडकी, काच, वाफ, सगळं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "ही बाई तुम्हाला कुठे भेटली?" आणि मी म्हणालो, "घरातच. ती माझी आई." माझ्या आईने आयुष्यात कुणाला स्वतःच्या वाट्याचं पांघरूणसुद्धा दिलं नाही! पण बाईंनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

आता प्रश्न मजकुराचा. ही एक प्रत हरवली तरी कपाटात तिची दुसरी असेल, म्हणून मी स्वतःच्या कादंबऱ्या वाचायला बसलो. सुरुवात कुठून करावी ते मलाही कळेना! डावीकडून एक ओढली. मग दुसरी. मग मधली. प्रत्येक कादंबरीत यान बिघडतं. प्रत्येकीत एक शास्त्रज्ञ बायकोला विश्व समजावून सांगतो आणि बायको दर दोन पानांनी "मग?" म्हणते. कुणालाही दुसऱ्याचं काही पडलेलं नाही. कुणी कुणासाठी श्वास तर सोडाच, खुर्चीसुद्धा सोडत नाही. हवेवाली बाई कुठेच सापडेना. सापडेना म्हणून नव्हे, पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी दार बंद करून हे लिहीत होतो, आणि दाराबाहेर घरातली माणसं पावलं न वाजवता चालत होती.

दातओठ खात वाचल्यामुळे असेल, दाढ ठणकायला लागली. गेलो दातांच्या डॉक्टरांकडे. वर्षानुवर्षं माझे दात त्यांच्याच ताब्यात आहेत. अबोल, सज्जन माणूस. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन्ही गालांत कापूस कोंबला, तोंडात नळी अडकवली. आणि मग बोलायला लागले!

"रेडिओवर ऐकलं तुम्हाला. मोठा आ करा. आमच्या घरी सगळ्यांनी ऐकलं. माझ्या कादंबरीबद्दल तुम्ही इतकं भरभरून बोलाल, असं वाटलं नव्हतं हो!"

"आँ?"

"पदरमोड करून छापली होती. तुम्हाला अभिप्रायासाठी नेऊन दिली होती, आठवतं ना? तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं आवडली नसणार. एवढे मोठे लेखक तुम्ही. म्हणून मग पुढे काही लिहिलंच नाही. जीभ आत घ्या."

"आँ! आँ!"

"हो, कळतंय मला. माझं नाव घ्यायचं राहिलं. होतं असं घाईत." त्यांनी यंत्र सुरू केलं, मग बंद केलं. "आणि ती आई तुमची म्हणालात. ती माझी होती. पण चालायचंच. वाचणाऱ्याला आपली वाटली, आणखी काय पाहिजे?"

मला सगळं लख्ख दिसलं. बाइंडर टेबलावरचा गठ्ठा उचलून घेऊन गेला होता. त्यात डॉक्टरांचं पुस्तकही गेलं, किरमिजी कापड लेवून आलं, पाठीवर माझं नाव! बांधताना त्याने मुखपृष्ठ, नावाचं पान, सगळं फाडून टाकलेलं. मी ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघत होता की त्याने भूल न देता सगळे दात उपटले असते तरी बरं झालं असतं!

बधिर गाल घेऊन तसाच प्रकाशकाकडे गेलो आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. वाटलं, हा आता उसळणार. पण तो खुलला!

"काका, हे तर झकासच झालं! डॉक्टरांची एकच कादंबरी ना? म्हणजे कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच मिटला!"

"आणि माझ्या?"

तो या वेळी खिडकीकडे वळला नाही. मीच वळलो. गोदामाची दारं सताड उघडी होती, आत कुणीतरी फरशी धूत होतं.

"तुमची प्रस्तावना घेऊ की!" तो म्हणाला. "रेडिओवर बोललात तेच लिहा. आई तेवढी त्यांची करा."

ती प्रस्तावना मी जीव ओतून लिहिली. पाच पानं. खोडली, पुन्हा लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सावकाश लिहिलं. कादंबरी धो धो खपली. बाजारात माझं छापील असं आता तेवढंच आहे.

परवा भाचीची एक मैत्रीण घरी आली. गोड मुलगी. मला वाकून नमस्कार करत म्हणाली, "काका, मी तुमचं काहीच वाचलेलं नाही. कुठून सुरुवात करू?"

मंडळी, हा प्रश्न मला आजवर कुणी थेट विचारलाच नव्हता! मी घसा खाकरला, खुर्चीत सावरून बसलो. तेवढ्यात हिने आतून डॉक्टरांची कादंबरी आणली आणि त्या मुलीच्या हातात ठेवली.

"ही घे," ही म्हणाली. "पहिली पाच पानं ह्यांची आहेत. तेवढी सोड आणि पुढून सुरुवात कर."