वाचून आनंद झाला

शिवराम गमरेचा फलक कोणी वाचत नसे. कळव्यातल्या आपल्या चाळीच्या शेवटच्या भिंतीवर, सार्वजनिक नळाशेजारी, त्याने पदरमोड करून चार फुटी काळा फळा ठोकला होता. वर पांढऱ्या रंगात ‘प्रज्ञा वार्ताफलक’ आणि खाली ‘संपादक : शि. भा. गमरे’. एका केमिकल कंपनीतली टाइमकीपरची नोकरी सांभाळून तो रोज त्यावर एक विचार लिहायचा, वळणदार अक्षरात, काना-मात्रा तपासून. पण नळावर येणाऱ्या बायकांचं लक्ष हंड्याकडे, आणि पाणी गेलं की तिथे कुत्रंही थांबायचं नाही. दोन वर्षांत फलकावर एकच अभिप्राय आला होता. “भाऊ, खडूची पूड हंड्यात पडते,” असं एका बाईने सांगितलं होतं.

सत्याऐंशी साल ते. नाक्यानाक्यावर कुठल्या ना कुठल्या मंडळाचा फलक होता आणि त्याच्यापुढे माणसं उभी राहून वाचत. शिवरामला ते बघवेना. मग त्याने एक युक्ती काढली. कामावर जाताना खिशात खडू ठेवायचा आणि दुसऱ्यांच्या फलकाखाली दोन ओळी लिहायच्या : ‘वाचून आनंद झाला. असे रोज वाचायला मिळो. – शि. भा. गमरे. आमचाही फलक अवश्य वाचा, नळाशेजारी.’

“अहो, हे काय?” त्याची बायको मंजुळा म्हणाली. “दुसऱ्याच्या पंगतीत उभं राहून आपल्या घरच्या जेवणाचं आवतण?”

“अगं, मी त्यांचं कौतुक करतो. ते माझं करतील. असंच चालतं हे.”

सुरुवातीला तो आधी वाचायचा, मग लिहायचा. पुढे फलक झाले सात, शिफ्ट मात्र सातचीच राहिली. मग वाचणं सुटलं. खारेगावात ‘दोन दिवस पाणी येणार नाही’ याच्याखाली त्याला आनंद झाला. बाळकुमला कोणाची म्हैस हरवली, तिथेही तसं रोज वाचायला मिळावं अशी इच्छा त्याने लिहून ठेवली. कोणी काही बोललं नाही. त्याचं लिहिलेलं तिथेही कोणी वाचत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

जानेवारीतल्या एका सकाळी, धड उजाडलंही नव्हतं तेव्हा, तो खाडीवरच्या कोळीवाड्याच्या फलकापाशी सायकलवरून उतरला. एक पाय पेडलवर ठेवूनच त्याने दोन ओळी खरडल्या आणि कंपनी गाठली. त्या ओळींच्या वर लिहिलं होतं : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, श्री. दामाजी गोमा कोळी यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता.’

दुपारी साडेतीनला तो घरी आला तेव्हा मंजुळा उंबऱ्यात बसली होती. चूल थंड होती.

“माणसं आलेली,” ती म्हणाली. “शंभरेक तरी. पत्ता विचारत विचारत.”

“कशाला?”

“तुमचा फलक बघायला.”

शिवराम लगबगीने पुढे झाला. “वाचला त्यांनी?”

“वाचला की. एकाने मोठ्याने वाचला, बाकीच्यांनी ऐकला. ‘जे घडते ते चांगल्यासाठीच’ असं लिहिलेलंत ना आज?”

“हो. मग?”

“मग फोडला.”

तेवढ्यात कोळीवाड्याच्या मंडळाचा जगन दारात येऊन उभा राहिला. सकाळचा फलक त्यानेच लिहिला होता. डोळे लाल, पंचा ओला, स्मशानातून येऊन कपडेही न बदललेला.

“ओ गमरे, माणूस मेलाय आमचा आणि तुम्हाला आनंद होतो? रोज वाचायला पाहिजे तुम्हाला? रोज एक मारू काय?”

“जगनशेठ, शपथ सांगतो, मी वाचलंच नाही.”

“वाचलं नाही तर लिहिलं कसं?”

लोक आपलं वाचत नाहीत म्हणून दोन वर्षं कुढणारा माणूस तो. त्याला एकदम मंजुळेच्या तोंडाकडे बघवेना.

“चला,” जगन म्हणाला. “म्हातारी बोलावते. मारणार कोणी नाही, मी सांगितलंय. पण पायात चप्पल घालू नका, पळायचं मनात येईल.”

दामाजीच्या अंगणात माणूस मावत नव्हता. जाळी बाजूला सारून पुरुष बसले होते, ओटीवर बायका. शिवराम आत आला तशी कुजबूज थांबली. शंभर माणसं आपल्याकडे टक लावून बघतायत, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवलं.

दामाजीची बायको चंद्रभागा भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला समोर बसायला खुणावलं.

“मना वाचता येत नाय. काय लिवलंस तू?”

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याने मान खाली घालून शब्दन् शब्द सांगितला, नळाच्या पत्त्यासकट. “आजी, चूक झाली. तुमचे पाय धरतो.”

“अकरा म्हैने खाटंवर व्हता,” म्हातारी हळू आवाजात म्हणाली. “यातला येक मानूस बगाला आला नाय. त्याचा तोंड वायट, सगल्यांशी भांडलेला. सकाली खांदा देवाला चवथा मानूस मिलत नव्हता. हा जगन दारोदार फिरला. कोनाची कंबर दुखं, कोनाची होरी पान्यान गेलेली. मंग तुजा लिवलेला कलला. भायरचा मानूस आपल्या मेलेल्याला हसतो म्हनून आखा कोलीवारा उठला. वाजतगाजत गेला माजा घोव.”

शिवरामने वर पाहिलं. अंगणातल्या पुरुषांनी तोंडं फिरवली होती.

“दहाव्याला पन लिव काय तरी,” ती म्हणाली. “आसाच.”

“नाही आजी. आता नीट लिहीन. शोभेल असं.”

आणि त्याने लिहिलं. सातही मंडळांची परवानगी काढली, माफी मागितली, आधी प्रत्येक फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग नव्या खडूने, रेघा आखून, एकही चूक न करता लिहिलं : ‘कै. दामाजी गोमा कोळी यांचा दशक्रिया विधी येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता खाडीकिनारी होईल. सर्वांनी उपस्थित राहून आदरांजली वाहावी.’ एका फलकावर ‘आदरांजली’ तिरकी आली, तर ती पुसून पुन्हा काढली. मंजुळा म्हणाली, “इतकं सुंदर तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं.”

दहाव्याला खाडीवर भटजी आले, न्हावी आला, जगन आला. शिवराम आणि मंजुळा होते. किनाऱ्यावर होड्या रिकाम्या उभ्या होत्या आणि पलीकडच्या वाटेवरून माणसं आपापल्या कामाला जात होती. काहींनी लांबूनच हात जोडले.

पिंड ठेवून झाला. चंद्रभागेने डोळ्यांवर हात धरून वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली आणि मग शिवरामकडे वळून म्हणाली,

“या येलेला चांगला लिवलंस वाटतं.”