दुसऱ्या खंडातले वानखडेकाका

वानखडेकाकांचे लॉर्डसाहेब अजून वारलेले नाहीत. माणूस एकोणिसाव्या शतकातला, तेव्हा तो जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली असणार, हे काकांनाही कळतं. पण त्यांच्याकडे साहेबांच्या चरित्राच्या तीन खंडांपैकी फक्त दुसरा खंड आहे. त्यात साहेब पस्तिसाव्या वर्षी सुरू होतात आणि साठाव्या वर्षी थांबतात. "माझ्याकडे मृत्यूची नोंद नाही," काका म्हणतात, "आणि नोंद नसलेली गोष्ट मी मानत नाही." इंटरनेटवर बघू का, असं कोणी विचारलं की काका दोन्ही कानांवर हात ठेवतात. अगदी खरोखर ठेवतात.

काका अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वाळवी लागलेली पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा हा खंड त्यांनी उचलून घरी आणला. बाकीचे दोन आधीच गेले होते. पुढे काकू वारल्या आणि मुलीनं काकांना इकडे अमेरिकेत, कॅरीला आणलं. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं, तर काकांनी दोन स्वेटर काढून मेव्हण्याच्या हातात दिले आणि खंड राहू दिला. तेव्हापासून थंडीत ते जावयाचं जॅकेट घालून फिरतात. त्याच्या बाह्या त्यांच्या बोटांपर्यंत येतात.

साहेबांची हकीकत मला आता तोंडपाठ आहे. ड्यूकचा तिसरा मुलगा. इस्टेट थोरल्याला मिळाली, चर्च मधल्याला, म्हणून धाकट्याला पार्लमेंटमध्ये बसवलं. तीन मंत्रिमंडळांत होता, पण महत्त्वाचं खातं एकदाही नाही. उभा राहिला की जीभ अडखळायची, म्हणून बिचारा आयुष्यभर नुसती मतं देत राहिला. आणि घाबरट इतका, की मंत्री असताना तीन ट्रंका कायम भरून दाराशी ठेवलेल्या. सरकार कधी पडेल याचा नेम नाही!

हे ऐकून इथे कोणी हसत नाही. नोकरी गेली की व्हिसाही जातो, म्हणून आमच्या सगळ्यांच्याच ट्रंका मनातल्या मनात भरलेल्या असतात. जावयाच्या कंपनीतून 'महत्त्वाची घोषणा' अशी मेल आली की काका मान हलवून म्हणतात, "मंत्रिमंडळ डळमळीत आहे बाप्पा." भाजीत मीठ कमी पडलं तर ती 'लक्षवेधी सूचना' असते, आणि जेवण झालं की 'सभागृह तहकूब'.

मी मराठी मंडळाची सेक्रेटरी. दिवसभर मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि उरलेल्या वेळात आयुष्यातल्या. काळजी करण्याचं खातं आमच्या घरी माझ्याकडेच आहे. या वसंतात ते खातं फारच वाढलं, कारण आमची शनिवारची मराठी शाळा बंद पडायची वेळ आली होती. मुलं अठराची अकरा झाली होती. शनिवारी दहा ते बारा जो हॉल आम्हाला मिळतो, तो मुलांच्या क्रिकेटला द्यावा असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं होतं. महिनाअखेर काय ते हॉलवाल्यांना कळवायचं होतं.

क्रिकेटवाल्यांचा पुढारी निलेश काकडे. मूळचा नागपूरचा, वय चाळीस, आवाज मैदानावरचा. तो आणि काका एकमेकांचे कट्टर विरोधक. "सन्माननीय सदस्यांना वाटतं की चेंडूनं भाषा टिकते," असं काका म्हणायचे. "काका, तुमच्या त्या धड्यांनी पोरं मराठीतून पळून राहिलीत ना यार," असं निलेश म्हणायचा. मीटिंग संपली तरी पार्किंगमध्ये दोघांचं चालूच असायचं. शेवटी निलेशची बायको ऋतुजा गाडीचा हॉर्न वाजवायची.

या दोघांनी लॉर्डसाहेबांच्या खंडातली एक रीत उचलली होती. पार्लमेंटमध्ये दोन विरुद्ध पक्षांचे सदस्य आपसांत जोडी ठरवत. एकाला येता आलं नाही, तर दुसऱ्यानंही मत द्यायचं नाही, म्हणजे तोल बिघडत नाही. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा गणपतीत ढोल आणायचा की नाही यावर मतदान होतं. ढोल म्हणजे निलेशचा जीव की प्राण. पण तो हात खिशात घालून बसून राहिला आणि ढोल एका मतानं हरले. आम्ही सगळे त्याला हसलो होतो.

जानेवारीत निलेश वडिलांच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे नागपूरला गेला आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकला. वकिलातीतली तारीख मिळाली, पुढे गेली, परत मिळाली, परत पुढे गेली. एप्रिल आला. ऋतुजा एकटी मुलाला सांभाळत होती. तिला मी डबा द्यायला जायची आणि घरी येऊन स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख पुन्हा बघायची.

मतदानाचा दिवस आला. आमची कमिटी अध्यक्ष धरून सात जणांची. अध्यक्ष मतं बरोबरीत आली तरच मत देतात आणि ते क्रिकेटवाले. शाळेच्या बाजूला मी, आमच्या शाळेतल्या जोशीबाई आणि काका. निलेश नसल्यानं समोर दोघंच. तीन विरुद्ध दोन, शाळा वाचली! आठवडाभर मी हे गणित रोज करत होते. गणितात काहीतरी राहतंय, असं सारखं वाटायचं.

काय राहिलं होतं ते मीटिंगमध्ये कळलं. काकांनी आल्या आल्या, नेहमीसारखी, निलेशची घडीची खुर्ची आपल्या समोर मांडली. मग अध्यक्ष म्हणाले, "शाळा चालू ठेवावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा." माझा वर, जोशीबाईंचा वर. काकांचे दोन्ही हात जावयाच्या जॅकेटच्या खिशात.

"काका, हात!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"माझी जोडी गैरहजर आहे," काका म्हणाले.

"काका, तो तिकडे नागपूरला आहे! चार महिने झाले!"

"गैरहजर म्हणजे गैरहजर."

दोन विरुद्ध दोन. अध्यक्षांनी खाली बघत क्रिकेटच्या बाजूनं हात वर केला. पाच मिनिटांत आमची नऊ वर्षांची शाळा बंद.

काका गाडी चालवत नाहीत, त्यामुळे त्यांना घरी सोडायचं कामही माझंच. सिग्नलला गाडी थांबली. मग मला राहवलं नाही. मोठ्या मुलांचा वर्ग काकाच घ्यायचे आणि त्या वर्गात त्यांचा नातू आरव होता. घरी आरव त्यांच्याशी 'ओके', 'नोप' आणि 'आय नो' एवढंच बोलतो. वर्गात मात्र मराठीतच बोलायचा नियम, म्हणून आठवड्यातले दोन तास तरी तो "आजोबा, हे काय लिहिलंय?" असं विचारायचा. हे सगळं मी काकांना ओरडून सांगितलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. मग माझ्या तोंडून भलतंच निघालं. "थांबा, तुमचे लॉर्डसाहेब कधी आणि कसे मेले ते सांगूनच टाकते तुम्हाला. मी वाचलंय सगळं."

काकांनी कानांवर हात ठेवले. "नको गं बेटा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला माझीच लाज वाटली. मी काहीच सांगितलं नाही. घर येईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

पण राग तो राग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निलेशला फोन लावला आणि सगळं त्याच्यावर ओतलं.

"ताई, मला कोणी सांगितलंच नाही हे," तो म्हणाला. "काकांचा रोज फोन असतो. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं. म्हणतात, 'खुर्ची मांडून ठेवलीय, कधी येताय भांडायला?' मतदानाचं अक्षर नाही बोलले. मला विचारलं असतं तर मी लगेच सोडलं असतं ना त्यांना त्या जोडीतून!" मग तो म्हणाला, "ऑफिसनं माझा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला, ताई. टीमच्या ग्रुपमधूनही काढलं. ऋतुजा विचारते, गाडी विकू का."

मी तशीच काकांच्या घरी गेले. दार आरवनं उघडलं. "ही इज अपस्टेअर्स," म्हणाला आणि गेला. काका खिडकीशी बसून खंड वाचत होते. शेवटच्या पानाला पोचले की ते पुन्हा पहिल्या पानावर येतात. त्या दिवशी पहिलंच पान उघडं होतं.

"काका," मी म्हटलं, "निलेश म्हणतो, विचारलं असतं तर त्यानं तुम्हाला सोडलं असतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणूनच विचारलं नाही."

मला कळेना. काकांनी चष्मा काढला आणि जॅकेटच्या लांब बाहीनं पुसला.

"मी विचारलं असतं, तर 'काका, द्या तुम्ही मत, माझं आता काही खरं नाही' असं त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. सगळ्यांनी त्याला गेला म्हणून धरलंय, सुषमा. तुझी काकू गेली ती वेळ आठवते मला. तेरावा व्हायच्या आत लोक तिच्या फुलझाडांच्या कुंड्या मागायला आले होते. निदान एका ठिकाणी तरी त्याची जागा राहू दे." मग खंडाकडे बघत म्हणाले, "इथे माझ्याशी बोलतात सगळे, चांगलं बोलतात. भांडणारा तेवढा एकच आहे."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काकांनी खालून पाणी मागवलं. आरव ग्लास घेऊन आला, माझ्याकडे बघून गोंधळला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "सभागृह तहकूब आहे."

शनिवारी आता हॉलमध्ये क्रिकेट असतं. निलेशची तारीख परवा आणखी पुढे गेली. काकांच्या पंचाहत्तरीला द्यायचा म्हणून मी शोधशोधून मागवलेला तिसरा खंड गाडीच्या डिकीत चादरीखाली ठेवलाय. लॉर्डसाहेब कोणत्या पानावर जातात ते मला माहीत आहे. निलेश परत येईपर्यंत त्यांना काही होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.